पृथ्वीचा ताप आणि दुपारची विश्रांती

ज्या व्याख्यानमालेत दरवर्षी पंडित, प्राध्यापक आणि साहित्यिक बोलतात, तेथे हवेच्या तापमानासारख्या शास्त्रीय विषयावर कामगार संघटनेच्या एका कार्यकर्त्याने बोलावे, हे पुष्कळांना विचित्र वाटेल. आमचे शाळेतले शिक्षण नववीत थांबले. पुढे जे काही शिकलो ते ओतशाळेत, संघटनेच्या कचेरीत आणि नगर वाचनालयाच्या बाकावर. तेव्हा शास्त्राचा अधिकार आम्ही सांगत नाही. मात्र उष्णतेशी आमची ओळख जुनी आहे. वयाच्या सतराव्या वर्षापासून सलग नऊ वर्षे आम्ही भट्टीच्या तोंडाशी उभे होतो. ताप म्हणजे काय, हे पुस्तकात वाचण्यापूर्वी आम्ही ते अंगावर वाचले होते.

हा विषय मनाला लागण्याचे कारण मात्र भट्टी नव्हे. काही वर्षांपूर्वी मे महिन्यात आमच्या गावाबाहेरच्या रस्त्याचे डांबरीकरण चालू होते. वरून ऊन, खालून वितळलेले डांबर, आणि मध्ये माणूस. दुपारी दोनच्या सुमारास एक मजूर बोलता बोलता असंबद्ध बडबडू लागला, त्याचा घाम थांबला, आणि तो कोसळला. रुग्णालयात नेईपर्यंत सारे संपले होते. दाखल्यावर लिहिले गेले : हृदयक्रिया बंद पडून मृत्यू. आता, हृदय बंद पडल्याशिवाय कोण मरतो? त्याच्या बायकोला घेऊन आम्ही नुकसानभरपाईसाठी संबंधित कचेरीत गेलो. तेव्हा 1923 चा भरपाईचा कायदा लागू होता आणि त्यातला कळीचा शब्द होता ‘अपघात’. तिथले अधिकारी वाईट गृहस्थ नव्हते. त्यांनी बाईंना बसायला खुर्ची दिली, पाणी दिले आणि म्हणाले, “अहो, ऊन हा अपघात कसा होईल? ऊन तर सर्वांनाच लागते.”

या वाक्याला त्या दिवशी आम्हांला उत्तर सुचले नाही. ते शोधता शोधता आम्ही जे वाचले, त्याचाच हा गोषवारा आहे.

पहिला प्रश्न असा की, पृथ्वी तापते कशाने? सूर्याने, हे तर शाळकरी पोरही सांगेल. पण केवळ सूर्याच्या हिशोबाने पाहिले, तर पृथ्वीचे सरासरी तापमान शून्याखाली अठरा अंश असायला हवे होते. प्रत्यक्षात ते सुमारे पंधरा अंश आहे. हा तेहेतीस अंशांचा फरक हवेच्या गोधडीमुळे पडतो. सूर्याचा प्रकाश हवेतून सुखाने खाली येतो, जमीन तापते, आणि ती तापलेली जमीन डोळ्यांना न दिसणाऱ्या उष्णकिरणांच्या रूपाने ऊब परत आकाशाकडे सोडते. हवेतला नायट्रोजन आणि प्राणवायू या किरणांना अडवत नाहीत. अडवतात ती पाण्याची वाफ, कार्बन डायऑक्साइड, मिथेन अशी थोडकी मंडळी. गोधडी स्वतः गरम नसते. ती अंगातली ऊब बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. ही गोधडी नसती तर आपण कोणीच जन्मलो नसतो. तक्रार गोधडीविषयी नाही. ती दिवसेंदिवस जाड होत चालली आहे, ही तक्रार आहे.

कोणी म्हणेल, हे आजकालचे फॅड आहे. तसे नाही. फ्रान्सच्या फूरिएने 1824 मध्ये वातावरण उष्णता राखून ठेवते, असे मांडले. 1856 मध्ये युनिस फूट या अमेरिकन बाईंनी काचेच्या नळ्यांत निरनिराळे वायू भरून उन्हात ठेवले आणि कार्बन डायऑक्साइडची नळी सर्वांत अधिक तापते, असे दाखविले. पुढे तीन वर्षांनी टिंडालने उष्णकिरण अडविण्याचा या वायूंचा गुण प्रयोगशाळेत मोजला. 1896 मध्ये स्वीडनच्या अऱ्हेनियसने वहीत आकडेमोड करून, हवेतला हा वायू दुप्पट झाला तर पृथ्वी किती तापेल, याचा अंदाज बांधला. म्हणजे लोकमान्य ‘केसरी’त अग्रलेख लिहीत होते, त्या काळात हे शास्त्र छापून झाले होते.

दुसरा प्रश्न. हा वायू येतो कोठून? येथे आम्ही आमच्या भट्टीचाच दाखला देतो. आमच्या कुपोला भट्टीत एक टन कोक पडे, तेव्हा धुराड्यातून किती वायू बाहेर जात असेल? आम्हांला वाटे, जळून गेले म्हणजे नाहीसे झाले. पुष्कळ वर्षांनी वाचनालयातल्या रसायनशास्त्राच्या पुस्तकात वाचले की, बारा किलो कार्बन जळताना हवेतला बत्तीस किलो प्राणवायू स्वतःला जोडून घेतो आणि चव्वेचाळीस किलो कार्बन डायऑक्साइड होऊन निघून जातो. म्हणजे एक टन कोक आत घातला की सुमारे तीन टन वायू बाहेर! आत घातले त्याच्या तिप्पट वजन आमच्या डोक्यावरून जात होते, आणि त्याला रंग नाही, वास नाही, म्हणून त्याची गणती कोणी केली नाही. आज सारे जग मिळून कोळसा, तेल आणि नैसर्गिक वायू जाळून वर्षाला सदतीस अब्ज टनांहून अधिक कार्बन डायऑक्साइड हवेत सोडते. त्यातला जवळजवळ निम्मा समुद्र आणि झाडे शोषून घेतात. उरलेला राहतो, आणि त्यातला बराच भाग शेकडो वर्षे राहतो.

कारखाने सुरू होण्यापूर्वी हवेच्या दहा लाख भागांत या वायूचे 280 भाग होते. 1958 मध्ये चार्ल्स कीलिंगने हवाई बेटावरच्या मौना लोआ पर्वतावर नियमित मोजणी सुरू केली तेव्हा ते 315 च्या आसपास होते. 2024 मध्ये ते 420 च्या पुढे गेले. यावर एक आक्षेप नेहमी येतो : दहा हजारांत चार भाग, त्याने काय होणार? याचे उत्तर आमच्या आईने धुण्याच्या बादलीत दाखविले होते. बादलीभर पाण्यात नीळ किती लागते? चिमूटभर. पण सारे पाणी निळे होते, कारण प्रकाश अडविण्याचे काम पाणी करत नाही, नीळ करते. प्रमाण अल्प म्हणून परिणाम अल्प, हा हिशोब चुकीचा.

दुसरा आक्षेप असा की, सूर्यच जास्त तापला असेल. यालाही उत्तर आहे. सूर्य तापला असता तर वातावरणाचे खालचे आणि वरचे, दोन्ही थर तापले असते. मोजणी सांगते की, खालचा थर तापत आहे आणि वरचा, स्थितांबर नावाचा थर निवत आहे. गोधडी जाड झाली की असेच होते. आत उकाडा, बाहेर गारवा. शिवाय 1978 पासून उपग्रह सूर्याचे तेज मोजत आहेत. त्यात या तापाला पुरेल अशी वाढ नाही. आणि हवेत वाढलेला कार्बन जमिनीखालून आलेला आहे, हे त्याच्या घडणीवरून ओळखता येते. कोट्यवधी वर्षे पुरलेल्या कोळशात किरणोत्सर्गी कार्बन उरलेला नसतो, आणि हवेतले त्याचे प्रमाण त्या बेताने पातळ होत गेलेले दिसते. चोराच्या पायाचे ठसे सापडले, असेच म्हणायचे.

आता परिणामांकडे येऊ. जागतिक हवामान संघटनेच्या मोजणीप्रमाणे 2024 हे वर्ष 1850 ते 1900 च्या सरासरीपेक्षा सुमारे दीड अंशाने अधिक तापलेले होते. मोजणी सुरू झाल्यापासून इतके उष्ण वर्ष दुसरे नाही. दीड अंश ऐकून आपल्याला हसू येते. परंतु अंगात दीड अंश ताप भरला तर आपण कामावर जात नाही. सरासरी एवढीशी हलली की टोके फार दूर जातात. पूर्वी दहा वर्षांतून एखादा येणारा उन्हाळा वारंवार येऊ लागतो. हवा एक अंशाने तापली की सुमारे सात टक्के अधिक वाफ धरू शकते; म्हणून पाऊस येतो तेव्हा कोसळतो आणि जातो तेव्हा पाठ फिरवतो. हिमनद्या वितळतात, समुद्र चढतो. या प्रत्येक गोष्टीवर स्वतंत्र व्याख्यान होईल. आम्ही एकाच परिणामाशी थांबतो, कारण तो आमच्या लोकांच्या अंगावरून जातो.

माणूस हा चालताबोलता माठ आहे. माठातले पाणी गार का होते? पाझरलेले पाणी वाफ होऊन जाताना उष्णता घेऊन जाते म्हणून. घामाचे कामही तेच. पण पावसाळ्यात माठ पाणी गार करत नाही, हे प्रत्येक गृहिणीला ठाऊक आहे. हवा आधीच ओली असते, वाफ जाणार कोठे? तसेच दमट उकाड्यात घाम निथळतो, पण वाळत नाही. आणि न वाळलेला घाम शरीराला निववत नाही. मग आतली उष्णता साचते, डोके काम देईनासे होते, आणि जे त्या डांबराच्या रस्त्यावर झाले ते होते. 16 एप्रिल 2023 रोजी खारघरच्या उघड्या मैदानावर एका समारंभाला लाखो लोक जमले होते. तेथे उष्माघाताने 14 जण दगावले. ते तर बसून होते. ज्याच्या डोक्यावर विटा आहेत, त्याचे शरीर आतूनही उष्णता निर्माण करत असते. श्रम हीदेखील एक भट्टीच आहे.

आणि आपले शासकीय मोजमाप काय पाहते? हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे मैदानी भागात पारा निदान 40 अंशांवर आणि किनाऱ्यावर 37 अंशांवर गेल्याखेरीज उष्णतेच्या लाटेचा विचारच होत नाही. यात हवेचा दमटपणा धरलेला नाही. म्हणजे कोकणातला हमाल छत्तीस अंशांच्या ओल्या उकाड्यात कोसळला, तर कागदोपत्री त्या दिवशी लाटच नव्हती!

हे नुकसान केवळ जिवाचे नाही. आंतरराष्ट्रीय श्रम संघटनेने 2019 मध्ये काढलेला अंदाज असा की, 2030 पर्यंत केवळ उष्णतेमुळे भारतातले 5.8 टक्के कामाचे तास बुडतील. म्हणजे 3 कोटी 40 लाख माणसांच्या पूर्ण वेळच्या रोजगाराइतके. बुडालेला तास कोणाच्या खात्यावर पडतो? मासिक पगारदाराच्या पडत नाही. ज्याची मजुरी रोजाची किंवा नगावर आहे, त्याच्याच पडतो. सावलीत बसला तर चूल पेटत नाही, आणि उन्हात उभा राहिला तर स्वतःच पेटतो. इकडे आड, तिकडे विहीर.

मग सरकारे काय करत होती? येथे आम्ही आमच्या धंद्याच्या नजरेने बोलतो. तीस वर्षे आम्ही मालकांशी करार केले आहेत. कराराचा कागद हाती आला की आम्ही आकड्याआधी क्रियापद पाहतो. ‘देईल’ असे लिहिले असेल तर पैसे मिळतात. ‘देण्याचा प्रयत्न करील’ असे असेल तर दिवाळी कोरडी जाते. या सवयीने आम्ही जगाच्या हवामान-करारांकडे पाहिले.

1965 मध्ये अमेरिकेच्या अध्यक्षांना त्यांच्याच शास्त्रीय सल्लागार समितीने या वायूविषयी सावध केले होते. 1988 च्या जूनमध्ये जेम्स हॅन्सन यांनी तिथल्या सिनेटपुढे, तापमानवाढ सुरू झाली आहे, अशी साक्ष दिली. 1992 मध्ये रिओ येथे राष्ट्रे एकत्र आली आणि त्यांनी करारावर सह्या केल्या; त्यात आकड्यांचे बंधन नव्हते. 1997 मध्ये क्योटो येथे श्रीमंत देशांवर आकडे घातले. पण त्याच वर्षी अमेरिकेच्या सिनेटने असा करार मान्य करू नये, असा ठराव 95 विरुद्ध 0 मतांनी केला होता. 2009 मध्ये कोपनहेगनला श्रीमंत देशांनी, 2020 पर्यंत गरीब देशांसाठी दरसाल 100 अब्ज डॉलर उभे करू, असे वचन दिले. तो आकडा त्यांच्या स्वतःच्याच हिशोबाने 2022 मध्ये गाठला गेला. 2015 च्या पॅरिस करारात शेवटच्या घटकेला, श्रीमंत देश कपात ‘करतील’ या अर्थाचा शब्द काढून ‘त्यांनी करावी’ या अर्थाचा घातला गेला. एका क्रियापदात बंधन गेले आणि उपदेश उरला! त्या करारातूनही अमेरिका एकदा बाहेर पडली, 2021 मध्ये परत आली, आणि 2025 च्या जानेवारीत तिने पुन्हा बाहेर पडण्याची घोषणा केली.

आपल्या देशाची बाजू न्यायाची आहे, हे आम्ही ठासून सांगू. आजवर साचलेल्या वायूत सुमारे चौथा हिस्सा एकट्या अमेरिकेचा आहे. भारताचा शंभरात चाराच्या आत. आजही माणशी हिशोब केला तर आपण वर्षाला सुमारे दोन टन सोडतो, अमेरिकन माणूस चौदाच्या आसपास. ज्याने जेवण केले त्याने बिल द्यावे, हे म्हणणे रास्तच. परंतु रास्त फिर्यादीआड आळस लपवू नये. 2021 मध्ये ग्लासगोला कोळसा ‘बंद करत नेणे’ याऐवजी ‘कमी करत नेणे’ असा बदल भारताच्या आग्रहाने झाला. आमच्या खाणकामगारांच्या पोटाचा विचार करता आम्हांला तो समजतो. पण बाहेर वाद जिंकून घरात काय केले, हा प्रश्न राहतोच. 2021 ते 2026 या काळासाठी केंद्राच्या मदतनिधीस पात्र आपत्तींची जी यादी होती, तिच्यात थंडीची लाट होती, गारपीट होती, टोळधाडही होती. उष्णतेची लाट नव्हती. अहमदाबादेत मे 2010 च्या लाटेत नेहमीपेक्षा 1,344 मृत्यू अधिक झाले, तेव्हा त्या शहराने 2013 मध्ये उष्णतेचा कृती-आराखडा केला आणि इतरांनी तो उचलला. 2023 मध्ये अशा 37 आराखड्यांची तपासणी झाली, तेव्हा पैसा कोठून यायचा याचा विचार त्यांतल्या फक्त 11 मध्ये आढळला. पैशावाचून आराखडा म्हणजे धान्यावाचून जाते. 1948 च्या कारखाने कायद्यात कामाच्या जागी सुसह्य तापमान राखण्याचे कलम होते. पण ते भिंतींच्या आतल्यांसाठी. रस्ता, शेत, वीटभट्टी, बांधकाम यांना भिंती कोठे आहेत?

सरकारवर एवढी टीका केल्यावर स्वतःचाही एक कागद उघडून दाखविणे आम्हांला भाग आहे. आम्ही संघटनेचे काम नुकतेच हाती घेतले होते तेव्हा ओतशाळेतल्या उकाड्याविषयी कामगारांची मोठी तक्रार होती. मागणी होती उंच छपराची, हवा खेचणाऱ्या पंख्यांची आणि तासागणिक विश्रांतीची. मालकाने निराळाच प्रस्ताव ठेवला : दरमहा उष्णता भत्ता. रक्कम हातात दिसत होती, सभासद खूश झाले, आणि आम्ही सही केली. हारतुरेही घेतले. छप्पर तसेच राहिले, भट्टी तशीच राहिली. पुढे त्यांतल्या दोघांना मुतखड्याने हैराण केले आणि एकाचे मूत्रपिंड गेले. उन्हात पाणी तोडून राबण्याशी याचा संबंध असतो, हे आम्ही नंतर वाचले. त्या एकाच्या घरी गेलो की अजूनही आम्हांला दाराशी क्षणभर थांबावे लागते. आम्ही काय केले होते? संकट हटविण्याऐवजी त्याची किंमत ठरविली होती, आणि तीही स्वस्तात. आज जगातली सरकारे करत आहेत ते याहून निराळे नाही. म्हणून हा दोष आम्हांला लांबून दिसत नाही, जवळून दिसतो.

पण निराश होण्याचे कारण नाही. सरकारे हलत नाहीत असे नाही. हलविली तर हलतात. ओझोनच्या थराला भोक पाडणाऱ्या रसायनांविरुद्ध 1987 मध्ये माँट्रियल येथे करार झाला, त्यात बंधने होती, आणि तो थर आज सावरत आहे. तेलावर श्रीमंत झालेल्या संयुक्त अरब अमिरातीने 2005 पासून उन्हाळ्यात भर दुपारी उघड्यावरचे काम बंद ठेवण्याचा नियम केला. कतारने 2021 मध्ये दुपारची ही बंदी वाढविली. पगाराच्या आशेने तिकडे गेलेल्या आपल्याच मजुराला तेथे जी सावली कायद्याने मिळते, ती त्याला त्याच्या गावी मिळू नये काय?

आणि ही मागणी परकी नाही. 1884 मध्ये मुंबईत नारायण मेघाजी लोखंडे यांनी गिरणी कामगारांची सभा घेतली आणि सुमारे साडेपाच हजार कामगारांच्या सह्यांचे निवेदन सादर केले. त्यात रविवारची सुट्टी होती, जखमी कामगाराला भरपाई होती. आणि दुपारी अर्धा तास विश्रांती होती. रविवार मिळायला 1890 चा जून उजाडावा लागला. तेव्हाही सांगितले गेले होते की, सुट्टी दिली तर धंदा बुडेल. धंदा बुडाला नाही. ज्यांचे म्हणणे आम्ही पुढे नेतो आहोत, त्यांनी सुमारे एकशेचाळीस वर्षांपूर्वीच घड्याळाच्या बाराच्या ठोक्यावर बोट ठेवले होते.

तेव्हा आमचे मागणे दोन पदरी आहे. दूरचे असे की, कोळशाकडून सूर्य आणि वाऱ्याकडे जाण्याचे वेळापत्रक ‘करू’ या क्रियापदात लिहावे आणि त्यात खाणीतल्या व भट्टीवरच्या माणसाच्या पुढच्या भाकरीचे कलम आधी असावे. नाहीतर तोच या बदलाचा शत्रू होईल आणि त्यात त्याचा दोष नसेल. जवळचे असे की, उष्णतेची लाट आपत्तींच्या यादीत यावी, मोजमापात दमटपणा धरावा, भर दुपारी उघड्यावरचे काम थांबावे आणि त्या वेळेची मजुरी बुडू नये, आणि उष्माघाताने गेलेल्याच्या दाखल्यावर उष्माघात असे लिहिले जावे. चार श्रमसंहिता 2025 च्या नोव्हेंबरात लागू झाल्या आहेत. नियमांना आकार देण्याची वेळ हीच आहे. आणि यातले दाखल्याचे, पाण्याचे व सावलीचे काम तर आपली नगरपालिकाही करू शकते. त्यासाठी पॅरिसला जावे लागत नाही.

त्या अधिकाऱ्यांच्या वाक्याला आता उत्तर देता येईल. ऊन हा अपघात नाही, हे त्यांचे म्हणणे खरेच आहे. अपघात नकळत होतो. हे तर दीडशे वर्षे ठाऊक असून चालू ठेवलेले आहे. अमुक एका माणसाचा मृत्यू या वाढलेल्या तापानेच झाला, असे छातीठोकपणे कोणी म्हणू नये; मे महिना पूर्वीही कडकच होता. पण त्याच्या डोक्यावरच्या उन्हात काही हिस्सा माणसांनी घातलेला होता, आणि तो कोणी किती घातला याचा हिशोब लिहिलेला आहे. राहिले दुसरे वाक्य, की ऊन सर्वांनाच लागते. सभागृहात पंखे चालू आहेत, बाहेर मांडव घालणारी पोरे अजून दोर आवळत आहेत. जाताना त्यांच्याकडे पाहावे, म्हणजे त्याचेही उत्तर मिळेल.